तुर्गुनच्या वाटणीचा सामसा

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानला वसंत लागला की घरोघर हिरवे सामसे, म्हणजे पाला भरलेल्या करंज्या, तंदुरात भाजले जात. पुदिना, पालक, कोवळा लसूणघास. त्यानं हिवाळ्यात जड झालेलं रक्त साफ होतं, असं सगळ्यांचंच म्हणणं. यंदा ओयदिनला ते जास्तच पटलं होतं. थंडीत तिच्या नवऱ्याच्या, तुर्गुनच्या, मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली. आठवडाभर डोकं ठणकलं आणि एका सकाळी हातातली चहाची वाटी गळून पडली. आता हात सावरला होता, जीभ तेवढी अधूनमधून अडखळे. रक्त पातळ ठेवायची गोळी ती रोज संध्याकाळी स्वतः त्याच्या तळहातावर ठेवी आणि तो गिळेपर्यंत समोरून हलत नसे.

तिचे सामसे संपले की शेजारणींची ताटं येत. आजाऱ्यासाठी आलेलं ताट नाकारणं म्हणजे अपमान. तुर्गुन सगळं आवडीनं खाई.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "रक्त पुन्हा घट्ट होतंय. गोळ्या चुकल्या?"

"एकही नाही!"

"मग खाण्यात काय बदललं?"

ओयदिननं अभिमानानं सांगितलं.

"ओपा," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशा त्या म्हणाल्या, "एवढा पाला गोळीचा जोर मोडतो. बंद नका करू. रोज थोडा, पण सारखाच. एक दिवस ढीग अन् दुसऱ्या दिवशी काहीच नाही, असं नको. चालणंही सोडू नका." त्यांनी गोळीचं प्रमाण थोडं वाढवून दिलं आणि आठवड्यानं पुन्हा रक्त तपासायला बोलावलं.

वाटेत ओयदिन म्हणाली, "अहो, मी माझ्याच हातानं..."

"तुझ्या हातचं खाऊन मरायचं असतं, तर लग्नाच्या वर्षीच मेलो असतो. तो पुलाव आठव."

ती रडता रडता हसली.

संध्याकाळी शेजारची होलबिबी भरलं ताट घेऊन दारात आली. ओयदिननं जन्मात पहिल्यांदा ताट परत केलं.

"कडू लागला का गं माझा सामसा?"

"नाही गं. यांच्या गोळीशी भांडतो तो."

होलबिबी मान उडवून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र भोपळ्याचे सामसे घेऊन हजर. "हे तरी भांडखोर नाहीत ना?"

आठवड्यानंतर रक्त ताळ्यावर आलं. त्या संध्याकाळी ओयदिननं गोळी दिली आणि नेहमीसारखा एक हिरवा सामसा मोडून अर्धा पुढे केला.

"आजही एवढासाच?"

"उद्याही एवढाच. परवाही."

"म्हणजे परवापर्यंत मी जगणार, असं धरलंयस!"

"परवाच काय," ती त्याच्या ओठावरचा चुरा पुसत म्हणाली, "पुढच्या वसंतातला लसूणघासही तुम्हीच निवडायचाय."