खिडकीसमोरची फरशी

डब्लिनच्या मध्यवस्तीतला तो पब व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. महोगनीवर कोरीव काम, आरशांवर वेलबुट्टी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुरानं तपकिरी झालेलं छत. नागपूरची चित्रा तिथं मोजमापं घेत होती. जुन्या इमारती जपणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती आर्किटेक्ट. आईला फोनवर तिनं "जुनी इमारत आहे" एवढंच सांगितलं होतं. पब म्हटलं असतं तर माउली देव पाण्यात घालून बसली असती.

वाद होता कोपऱ्यातल्या स्नगचा. स्नग म्हणजे बारला लागून असलेली इवलीशी बंद खोली. पूर्वी बायका तिथं येत, छोट्या खिडकीतून आपला ग्लास घेत. नावं ठेवणाऱ्यांना दिसायलाच नको. मालक डेक्लनला ती पाडून चार टेबलं वाढवायची होती. "भिंत माझ्या आजोबांनी मागाहून घातली," तो ठासून सांगायचा. तसं असेल तर पालिका परवानगी देणार होती. जुने नकाशे कुठंच नव्हते. शुक्रवारी अहवाल गेला पाहिजे, आणि पुरावा मिळाला नाही तर खोली गेलीच. चित्राला ती मूळचीच वाटत होती, पण वाटण्याला कोण विचारतो?

दोन दिवस टेप आणि टॉर्च घेऊन ती नुसती रांगली. गुरुवारी सकाळी पुन्हा स्नगमध्ये शिरताना तिनं उंबऱ्याशी बूट काढले. रंगीत काचेचं दार, उंबरा, आत मिणमिणता उजेड. पायांनी परस्पर ठरवून टाकलं की हे कुणाचं तरी घर आहे. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, सवयीलाही नसावं.

"अगं, पब आहे हा," डेक्लन हसला. "फरशी काय ग्रँड वाटली तुला?"

चित्रा ओशाळली. बूट घालायला वळली आणि थबकली. बारच्या छोट्या खिडकीसमोर पायाखाली खळगा होता, डोळ्यांना न दिसणारा. भिंतीलगत फरशी पुन्हा सपाट. ती बाहेर गेली. बारच्या कडेनं गिऱ्हाइकांनी झिजवलेला लांब खळगा भिंतीच्या वीतभर अलीकडे संपत होता.

"तुम्ही जरा बूट काढता?" ती म्हणाली. "भिंत मागाहून आली असती, तर बाहेरचा खळगा तिच्याखालून सरळ आत आला असता. इथं आत वेगळीच माणसं उभी राहायची, पहिल्यापासून."

साठीचा डेक्लन कुरकुरत मोज्यांवर खिडकीसमोर उभा राहिला. खळग्यात पाय बसले.

"माझ्या आईची आजी मासे विकायची," तो म्हणाला. "ब्रिजेट. टोपली रिकामी झाली की इथं येऊन या खिडकीशी उभी राहायची म्हणे. मला घरातल्या थापा वाटायच्या."

शुक्रवारी त्यानं अर्ज मागं घेतला. अहवाल आता कुणाला नकोच होता, तरी चित्रानं तो आनंदानं पूर्ण केला. कुणी बांधलं, या रकान्यात कंत्राटदाराचं नाव होतं. त्याखाली तिनं एक ओळ वाढवली: स्नगची फरशी झिजवली ती ब्रिजेट यांनी, आणि नावं न उरलेल्या अनेकींनी.