बेरी की मेरी

शेठने माझा उजवा कान धरला आणि मला फोटोवाल्याकडे वळवलं. बाजारात बकरीचं तोंड उघडून दात दाखवतात, तसा त्याने माझा कान समोरच्या लोकांना दाखवला. मी नऊ वर्षांची होते. सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या मराठी शाळेच्या मैदानावर मंडप घातला होता. त्या दिवशी आम्हा अकरा बहिऱ्या मुलांना शेठकडून कानाचं मशीन फुकट मिळणार होतं.

मला ते हवं होतं. हेडमास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितलं होतं, मशीन असेल तर पोरगी पाचवीत बसेल, नाहीतर घरी ठेवा. शाळा सुटली की माझ्या वाट्याला भांडी आणि धाकटी भावंडं येणार, हे मला न ऐकताही कळत होतं.

चौथ्या वर्षी तापात माझे कान गेले. तरी मला बोललेलं कळायचं, कारण मी लूमवाल्याची पोर. वडील धुळ्याकडून आलेले, याच शेठच्या खात्यात लूम चालवायचे. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथे सगळे लूम एकदम धडधडतात, त्यात चांगल्या कानाचा माणूसही बहिराच. कारागीर ओठांनी आणि हातांनी बोलतात. धोट्यातली सुताची कांडी संपली की मूठ उघडून हात दोनदा झटकायचा. म्हणजे खाली. रिकामं. वडिलांनी हीच भाषा मला घरी शिकवली. आमच्या घरात मी बहिरी नव्हतेच.

अडचण एकच. ओठांवर ब आणि म सारखेच दिसतात. मी वडिलांचा डबा घेऊन खात्यात जायचे, तेव्हा शेठ काचेच्या केबिनमधून हसून काहीतरी म्हणायचा. मी वाचायचे, ‘मेरी आवी.’ माझी आली. एवढा मोठा शेठ, अर्धं हिंदी अर्धं गुजराती बोलून का होईना, मला माझी म्हणतो, याचा मला केवढा तोरा. मी हे वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले.

स्टेजवर माझा नंबर चौथा होता. पहिल्या तिघांचं मी नीट पाहिलं. शेठ खोकं द्यायचा, फोटो निघायचा, मूल बाजूला झालं की शेठचा मुनीम मेहताजी खोकं काढून घ्यायचा. पडद्यामागून तेच खोकं परत यायचं. कोपऱ्यावर शाईचा डाग होता, त्यावरून ओळखलं. माझ्या हातात आलं ते हलकं लागलं. मी झाकण उचललं. आत काही नव्हतं.

शेठ तसाच हसत मेहताजीकडे वळून म्हणाला, “फोटो पडी जाय एटले खोखुं लई लेजे. बेरीने शुं खबर पडवानी?”

फोटो झाला की खोकं घे. बहिरीला काय कळणार.

तेव्हा कळलं. मेरी नव्हतं. कधीच नव्हतं. दोन वर्षं हा माणूस मला तोंडावर बेरी, बेरी म्हणत होता आणि मी त्याला हसून दाखवत होते. अंगाचा भडका उडाला. त्याचा राग आलाच, पण माझ्या त्या हसण्याची लाज त्याहून जास्त वाटली.

मेहताजीने खोकं ओढलं. मी सोडलं नाही. समोर खात्यातले कारागीर बसले होते, टाळ्या वाजवायला शेठने त्यांना अर्धा दिवस सोडलं होतं. मी खोकं उघडून त्यांच्यापुढे उलटं धरलं. मूठ वर केली. उघडली. हात दोनदा झटकला.

टाळ्या वाजवणारे हात थांबले. सगळ्यांना कळलं, एकट्या शेठला कळेना. आयुष्यभर लूमवर जगला, पण काचेआड बसून. ती भाषा तो कधी शिकलाच नव्हता. तो याच्या तोंडाकडे, त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

वडील उभे राहिले. लांबून त्यांचे ओठ हलले, “खाली शे?”

मी मान डोलावली.

“उतर. चाल घर.”

मशीन मिळालं नाही. शाळा सुटली. वडिलांना दुसऱ्या दिवशी खात्यातून काढलं, ते पलसाण्याला रंगाच्या कारखान्यात लागले. ज्यांचे हात थांबले होते ते सगळे सकाळी मुकाट कामावर गेले. त्यांनाही पोटं होती. तरी मी तेही विसरलेले नाही. मी दहावी बाहेरून दिली, वडिलांच्या ओठांवरून धडे वाचून.

फोटो मात्र शाळेत लागला. त्यात शेठचं तोंड अर्धवट उघडं आहे. लोकांना ते हसू वाटतं. मी आजही वाचते, बेरी.

मी माफ केलेलं नाही, करणार नाही. आज मी बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवते. पहिल्या दिवशी आई, पाणी, घर शिकवत नाही. ब आणि म शिकवते. ओठ सारखे दिसले तर बोलणाऱ्याचे डोळे बघा, म्हणते. मग शिव्या शिकवते, मराठी, गुजराती, हिंदी, जेवढ्या आमच्यासाठी केल्यात तेवढ्या सगळ्या. जो म्हणेल त्याच्यापुढे उभं राहून तोच शब्द त्याला परत करायचा. आपल्या याच फाटक्या आवाजात, चारचौघांत.

शेठ बहिरा व्हावा असा शाप मी देत नाही. त्याचे कान मरेपर्यंत शाबूत राहोत. माझी पोरं त्याच्या दारात जाणार आहेत, आणि ती काय म्हणतात ते त्याला ऐकू आलं पाहिजे.