बत्तीस-चाळीसचा बार

गुरुनाथच्या बापाच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. बाकीची दोन खानापूर तालुक्यातल्या एका माळावर, ठासणीच्या बंदुकीसंगं उडून गेली होती. बाप लोहार. रानडुकरं हाकलायला ज्यांच्याकडं परवान्याच्या बंदुका होत्या, ते सगळे दुरुस्तीला त्याच्याकडं यायचे. एका वर्षी ऐन पितृपक्षात कुणीतरी हटूनच बसला. आत्ताच्या आत्ता उडवून दाखव म्हणाला, आणि बापानं भिडेखातर उडवली. नळी फाटली. तेव्हापासून घरात रीत पडली: दुरुस्त केलेल्या बंदुकीचा पहिला बार पितृपक्षात काढायचा नाही. खंडेनवमीला ती भात्याशेजारी मांडायची, हळदकुंकू लावायचं आणि बार दसऱ्याला काढायचा. गुरुनाथ त्यानंतर जन्मला. गेलेली बोटं त्यानं कधी पाहिली नाहीत, रीत तेवढी पाहिली.

आता गुरुनाथ अठ्ठावन्नचा, आणि त्याचा भाता म्हणजे अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधलं एक डेटा सेंटर. लोकांना वाटतं तिथं नुसते कम्प्युटर. पण मागच्या अंगाला रेल्वेच्या इंजिनाएवढे डिझेल जनरेटर ओळीनं उभे असतात. वीज गेली की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत धडधडायला पाहिजेत, आणि ते बघायचं काम गुरुनाथचं. आयटीवाल्या मराठी मंडळींत तो जरा उपराच. गणपतीच्या आरतीला कुणी विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर?" तर म्हणायचा, "तेलपाण्याच्या."

तिथंच त्याला अर्ल भेटला. जनरेटरच्या सर्व्हिसिंगला बाहेरनं येणारा म्हातारा मेकॅनिक, उंच, वाकलेला, हातांच्या रेषांत काळं तेल कायमचं मुरलेलं. एकदा एका जनरेटरची छोटी खीळ मोडली. नवी यायला दोन महिने लागणार होते. गुरुनाथनं गाडीच्या डिकीतली कानस काढली आणि एका जाड बोल्टातून अर्ध्या दिवसात तशीच्या तशी खीळ घासून दिली. अर्लनं ती चष्मा वर करून, उलटीसुलटी करून बघितली.

"कुठं शिकलास?"

"बापाकडं."

"माझा बी बाप असाच होता," अर्ल म्हणाला.

अर्ल बोलायचा इंग्रजीत, पण गुरुनाथच्या कानात ते खानापूरच्या बोलीतच शिरायचं, आणि घरी बायकोला, रत्नाला, सांगताना तो तसंच सांगायचा. रत्ना हसायची. म्हणायची, "व्हर्जिनियाचा गोरा म्हातारा आणि 'माझा बी बाप'! त्याला कळलं तर?" रत्ना पुण्याची, पोस्टमास्तरांची मुलगी. तिला पंचांग लागायचं ते सुट्ट्या बघायला.

दहा वर्षं ही दोस्ती चालली. अर्ल कामावरून निवृत्त झाला, तरी गुरुनाथ महिन्यातून दोनदा त्याच्याकडं जायचा. घर अ‍ॅशबर्नच्या पश्चिमेला, तासाभरावर, डोंगराच्या कुशीत. पुढं पडवी, समोर गवताचं रान, आणि रानापलीकडं निळसर कडा. अर्लची बायको मागंच वारली होती. मुलगी डोरीन जवळच्या गावात राहायची आणि रोज एक फेरी मारायची. स्वयंपाकघराच्या दारावर दोन खुंट्यांवर एक रायफल टांगलेली असायची. चापाखाली लोखंडी कडी, ती खाली ओढून वर मारली की पुढचं काडतूस आपसूक नळीत. अर्लच्या आज्यानं ती एकशे पंधरा वर्षांमागं घेतलेली. नळीवर काडतुसाचा आकडा कोरलेला: बत्तीस-चाळीस.

"वाजती का?" गुरुनाथनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"साठ वर्सं मुकी हाय. आज्यानं साठवलेली काडतुसं सरली, दुकानात मिळायची बंद झाली. पण आवाज अजून कानात हाय बघ. आत्ताच्या रायफली चाबूक फुटल्यावानी वाजत्यात. ही तशी न्हवं. लांब कुणीतरी कोठाराचं दार दाणकन लावावं, आन् मग त्या कड्यानं ते सावकाशीनं परत द्यावं, तसा."

यंदाच्या वसंतात अर्लच्या फुप्फुसांनी हात टेकले. नाकात ऑक्सिजनची नळी, खुर्चीशेजारी फुसफुसणारं यंत्र. डॉक्टर मुलीला म्हणाले, पानं गळेपर्यंत. अर्लनं ते ऐकलं आणि पुढच्या भेटीला गुरुनाथला दाराकडं बोट दाखवलं.

"ती तू घे. डोरीनला घरात बंदूक नको, नातवंडांना माहीत न्हाई ती कुठनं धरायची. पण एक काम कर. एकदा वाजवून दाव. मला नेम बघायचा न्हाई, खांद्याला लावायची न्हाई. हितं पडवीत बसून एकदा ऐकायची हाय."

फुकट घ्यायला गुरुनाथ तयार नव्हता. हत्यार फुकट घेऊ नये, ही बापाचीच दुसरी रीत. त्यानं एक डॉलर अर्लच्या हातावर ठेवला, मग दोघं मिळून कायद्यानं लागतो तो कागद भरायला गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेले, अर्ल नळी-यंत्रासकट. दुकानदारानं बंदुकीच्या नळीवरचा आकडा वाचला आणि भुवया वर केल्या. "हे काडतूस मी शेवटचं माझ्या बापाच्या गल्ल्यामागं पाहिलं. उडवणार कशानं?"

"हा बनवणार," अर्ल म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती, पण तोंडावर असं काही होतं की गुरुनाथला नाही म्हणता आलं नाही.

मग अख्खा उन्हाळा गॅरेजमध्ये गेला. थर्टी-थर्टी नावाच्या सर्रास मिळणाऱ्या काडतुसाची पुंगळी बुडाला तीच, फक्त तोंड अरुंद. गुरुनाथ रिकाम्या पुंगळ्यांचं तोंड ज्योतीवर तापवून मऊ करायचा, मग साच्यात घालून रुंदवायचा. निम्म्या तडकल्या. नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढला, मायक्रोमीटरनं मापला: तीनशे एकवीस थाऊ, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. त्या मापाच्या गोळ्या ओतल्या. दारू तर त्यानं औषधाच्या पुडीसारखी तोलली, आणि तीही पुस्तकातल्या सगळ्यांत हलक्या मापाची.

"अहो, गाडी उन्हात आणि शिसं गॅरेजात," रत्ना दारातून म्हणायची. "लोकांचे नवरे इथं गोल्फ शिकतात."

"शिकतो की. एवढं होऊ दे."

वीस काडतुसं तयार झाली ती गणपती विसर्जनाच्या तिसऱ्या दिवशी. बिस्किटाच्या डब्यात फडक्यावर ती मांडून गुरुनाथ बराच वेळ बघत बसला.

"मग उद्याच जाऊ," रत्ना म्हणाली. "मी त्यांच्यासाठी शिरा करते. गोड आवडतं त्यांना."

"पितृपक्ष लागला काल."

"अमेरिकेत?"

"चेष्टा नको. पंधरा दिवस हे, पुढं नवरात्र. खंडेनवमीला पुजू, दसऱ्याला बार काढू. तीन आठवड्यांचा तर प्रश्न हाय."

"तो माणूस पानं मोजतोय, आणि तुम्ही तिथी मोजताय. उडवून टाका एकदाची."

गुरुनाथनं डब्याचं झाकण लावलं. घरात नवी गाडी आली तेव्हा त्यानं मुहूर्त पाहिला नव्हता. घराच्या किल्ल्या अमावास्येला घेतल्या होत्या. ते रत्नाला आठवलं, पण ती बोलली नाही.

अर्लला त्यानं पडवीत बसून सगळं समजावलं. अर्ल खोकत खोकत हसला. "म्हंजे तुमच्यात हत्यारांचा वाढदिस असतोय म्हण की."

"तसंच काहीसं."

"आरं, फुटंल म्हणून भ्या वाटत आसंल तर ट्रॅक्टरच्या टायरला बांध. चापाला दोरी लाव, झाडामागनं वढ. आमच्यात असंच करत्यात. टायर हाय की कोठारात."

"करू की. तसंच करू. पण दसरा होऊ दे."

अर्लनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग भिंतीवरचं पेंडीच्या दुकानाचं कॅलेंडर आणायला लावलं, दसऱ्याची तारीख विचारली आणि तिच्याभोवती पेनानं गोल काढला. गोल कसला, अंडंच झालं ते.

"ठरलं तर. म्या कुटं जात न्हाई तवर."

नवरात्राच्या पाचव्या माळेला गुरुनाथ आणि रत्ना पुन्हा गेले तेव्हा अर्ल पडवीत नव्हता, आतल्या पलंगावर होता. बोलणं जवळपास बंद. त्यानं गुरुनाथला बघून नुसती बोटं वर केली, चार. गुरुनाथनं मान डोलावून पाच दाखवली. अर्लनं पाचवं बोट उघडलं, जणू उधारीवर.

स्वयंपाकघरात रत्नानं नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. रायफल गाडीच्या डिकीत होती, काडतुसंही होती. दसऱ्याला विसरायला नको म्हणून त्यानं आधीच ठेवली होती.

"अहो, आत्ता उडवा. खिडकी उघडते मी. ऐकतील ते."

"आज न्हाई."

"का पण?"

"पाच दिवस, रत्ना. पाच दिवसांनी काय होतंय?"

अष्टमीला सकाळी डोरीनचा फोन आला. झोपेतच गेला, म्हणाली.

खंडेनवमीला गुरुनाथनं पाट मांडला. नटबोल्टचे पाने, कानस, मायक्रोमीटर, हातोडा आणि शेवटी रायफल. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं, हाताला जे येत होतं ते केलं. दसऱ्याला बार काढला नाही. जवळच्या मराठी घरात सोनं लुटायला बोलावलं होतं; रत्ना एकटीच जाऊन आली.

शनिवारी अर्लला पुरलं. लोक पडवीत उभ्यानं जेवले, हॅम आणि बटाटे, आणि दुपारपर्यंत पांगले. डोरीननं भांडी विसळता विसळता भिंतीकडं हनुवटी उडवली. कॅलेंडर तिथंच होतं. अंडाकृती गोलाच्या आत दोन दिवसांमागची तारीख.

"डॅड मला सांगत होते, हा हॉलिडे आहे, विसरू नको," ती म्हणाली. "आणलीय का?"

डिकीतच होती, पूजेनंतर परत ठेवलेली.

कोठारातून टायर लोळवत आणला. रायफल त्याला पट्ट्यांनी आवळली, तोंड रानातल्या मातीच्या बांधाकडं. कडी खाली ओढून वर मारली. अशी सरकली की जणू रोज चालते. दस्त्याच्या खाचेत कुंकू अजून अडकलेलं होतं. चापाला दोरी लावली, रत्नाला आणि डोरीनला पडवीच्या खांबामागं उभं केलं, गुरुनाथ स्वतः ओकच्या झाडामागं गेला. आणि तिथं त्याच्या लक्षात आलं की आपला डावा हात मुठीत वळलाय, बोटं आत लपवून.

ओढली.

काही फाटलं नाही. कुणाचं काही उडालं नाही. दाणकन एक बार झाला, बांधातून माती उडाली, आवाज रानावरून गेला, कड्याला लागला आणि जरा दमानं परत आला. गुरुनाथनं पुंगळी काढून बघितली. सरळ, बिनतड्याची. टायर लोळवल्यापासून इथवर सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. एवढंच होतं. एवढ्यासाठी उन्हाळा गेला, पंधरवडा गेला, माणूस गेला.

मग त्यानं पट्टे सोडले आणि तीन बार खांद्याला लावून काढले. नीट काढले. बांधावर ठेवलेल्या रिकाम्या डब्याला दोन लागले. कुणी वाहवा केली नाही.

डोरीन खाली आली. डोळे लाल, पण आवाज कामाचा. "हाच तो आवाज? ते सांगायचे तो, दाराचा?"

गुरुनाथनं कड्याकडं बघितलं. तो आवाज ऐकलेला जगातला शेवटचा माणूस सकाळी मातीत गेला होता. आता ही बंदूक हजार वेळा वाजली तरी 'हाच' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "मला कसं ठाऊक असणार?"

डोरीननं मान हलवली आणि भांड्यांकडं परत गेली.

दोघं परतीच्या रस्त्याला लागले. मक्याची रानं संपली, डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती सुरू झाल्या, तेव्हा गुरुनाथ म्हणाला, "पितृपक्षाचं काही नव्हतं त्यात."

"हं."

"भ्यालो मी. माझ्या हातची काडतुसं, जुनी नळी. फुटंल वाटलं. तोंडानं म्हणता येईना, म्हणून पंचांग पुढं केलं."

"ठाऊक होतं मला."

"मग तेव्हाच का बोलली न्हाईस?"

रत्ना खिडकीतून बाहेर बघत होती. "दोनदा बोलले. तुम्ही भ्यालात, हे तेवढं नाही बोलले. वाटलं, माणसाला लागेल." मग म्हणाली, "आणि त्यांनाही ठाऊक होतं. टायरचं उगीच काढलं का त्यांनी?"

 म्हाताऱ्यानं त्या दिवशी जरा जास्तच वेळ का बघितलं, ते गुरुनाथला आता कळलं. त्यानं भीती ओळखली, झाकून ठेवली, आणि त्यासाठी आपले उरलेले दिवस देऊन टाकले.

घरी आल्यावर रत्नानं ताटं वाढली. गुरुनाथच्या हातांना बंदुकीच्या दारूचा वास येत होता. तो तसाच येऊन पाटावर बसला. एरवी ती बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय त्याला पानावर बसू द्यायची नाही. आज तिनं तसाच भात वाढला.