दयारामने सोडलेलं पाणी

पेणच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. पोरांकडून आंब्या-केळ्यांची चित्रं काढून घेऊन कंटाळलो आणि १९५८ साली, बायकोची बोलणी खाऊन, एक जुना कॅमेरा आणि हातभर लांबीची लेन्स विकत घेतली. ती खांद्यावर टाकून मिठागरात शिरलो, तर बांधावरच्या बायका पळाल्या. त्यांना ती बंदूक वाटली. पळाला नाही तो एकटा दयाराम.

"मास्तर, पाखरं मारनार काय?"

फोटो काढणार म्हटल्यावर तो हसला. "मंग इतक्या लांबून कशाला? जवल जा ना!"

दयाराम उघाडीवर कामाला होता. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी त्यातून आत घ्यायचं आणि फळ्या टाकून अडवायचं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, पण तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगायचा. कोंडीत, म्हणजे बांधांमधल्या मिठाच्या वाफ्यात, किती बोटं पाणी चढेल हे नुसतं बघून सांगायचा, आणि तितकंच चढायचं. याचा त्याला तोरा होता. त्याची बायको सोनूबाई म्हणायची, "समदं पानी कलतं यांना, घरातला रांजन रिकामा हाय तेवढं कलत न्हाय." माझ्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस, पण मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

वैशाखात एका कोरड्या कोंडीत शेकाट्यांच्या जोडीने घरटं केलं. काळे पंख, काड्यांसारखे लांब तांबडे पाय, आणि चिखलाच्या छोट्या उंचवट्यावर चार अंडी. घरटं दयारामनेच दाखवलं. बांधावर माडाच्या झापांचा आडोसाही त्यानेच करून दिला. आठ दिवस बसलो, एक फोटो धड येईना. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांब लेन्समधून पक्षी धुरकट दिसतो. माझा स्वभाव तापट. टोपी आपटून म्हणालो, "इथे चार बोटं पाणी असतं ना दयाराम, तर फोटो बघायला लोक लांबून आले असते!"

बोललो आणि घरी जाऊन विसरलो. दयाराम विसरला नाही.

अमावस्येला उन्हं कलल्यावर गेलो, तर कोंडीत लख्ख पाणी! शेकाट्या त्यात उभा. मान वाकवून खाली बघत होता, चार पावलं जात होता, परत तिथेच येऊन बघत होता. त्याचं रूप खाली उलटं उमटलेलं. मी आनंदाने वेडा झालो, अख्खा रोल संपवला. घरटं कुठे गेलं हा प्रश्न मला पडला नाही. खरं सांगतो, पडलाच नाही.

मग दयाराम आला. बांधावर थबकला, तसाच कोंडीत उतरला आणि वाकून दोन्ही हातांनी चिखल चाचपू लागला. वर आला तेव्हा ओंजळीत दोन अंडी होती.

"चारच बोटं घेतलं मास्तर. येकच फली काढली. घरट्याला लागनार न्हाय वाटलं." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बांध लिंपाया माती हितूनच उचलली व्हती म्या. खोल झालं. इसरलो."

मी म्हणालो, "जाऊ दे, परत घालतील." आणि रोल भिजू नये म्हणून तो पिशवीत नीट गुंडाळून ठेवला. आज हे लिहिताना कान तापतात.

पुढच्या वर्षी अलिबागच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. मी नाव दिलं होतं 'आपलेच रूप'. अंडी गेलेली ठाऊक असताना दिलं होतं. मिरवायला म्हणून दयारामलाही बरोबर नेलं. धुतलेला सदरा घालून तो फोटोसमोर उभा राहिला आणि हलेचना. एका वकिलांनी कौतुकाने विचारलं, "काय हो, इतकं टक लावून काय बघतोय हा पक्षी?"

मी घसा खाकरला. त्याआधी दयाराम बोलला.

"अंडी सोधतंय, सायेब."

लोक वळले. त्याने हात जोडले. "पानी म्या सोडलं. चार अंडी गेली."

"अरेरे! असं कशाला केलंस रे बाबा?" वकील म्हणाले.

"चुकी झाली," एवढंच तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

पाणी मीच मागितलं होतं. सांगायला इतकेच चार शब्द लागले असते. छातीवर बक्षिसाचा बिल्ला होता, शेजारी मुख्याध्यापक उभे होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि तरीही तोंड उघडलं नाही.

परतताना एस.टी.त दयाराम माझ्या शेजारी बसला. पेण येईपर्यंत माफी मागायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. वडखळ गेल्यावर तोच माझ्याकडे झुकला आणि कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "मास्तर, तुमचं नाव न्हाय घेतलं म्या."

"बरं केलंस," मी म्हणालो.