आधी खेमूची मशीन

ढोमणे दीदी कुणाचाही कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेल्या की आधी त्या माणसाला उठू देत नसत. आमच्या महामंडळात रीत उलटी होती. कॉम्प्युटर सेक्शनचं कुणी दिसलं की बाबू खुर्ची सोडून चहाला पळायचे, आणि आपण परत येईपर्यंत मशीन ठणठणीत झालेली असावी अशी त्यांची अपेक्षा असायची. दीदी मात्र शेजारी स्टूल ओढून बसत, पदराने चष्मा पुसत आणि शांतपणे विचारत, "मशीन को क्या हुआ, वो मैं देख लूँगी. पहले आप बताइए, सुबह से क्या-क्या किया." बाबू आधी चिडायचे, मग सांगू लागायचे, आणि सांगता सांगता बऱ्याच जणांना आपलाच घोटाळा सापडायचा. एका अधीक्षकांनी तर सकाळपासूनचं सगळं सांगताना पत्त्यांच्या खेळापाशी येऊन जीभ चावली होती. दीदींनी तो भाग ऐकलाच नाही असं दाखवलं.

नाव शरयू ढोमणे. वडील रेल्वेच्या नोकरीपायी भंडाऱ्याहून रायपूरला आले आणि गुढियारीत घर करून राहिले. दीदी बुटक्या, किडकिडीत, ऑफिसच्या खुर्चीवर बसल्या तर पाय जमिनीला टेकत नसत. सेक्शनमध्ये आम्ही दोघंच मराठी. त्या मला आठएक वर्षांनी मोठ्या, पण रायपूरच्या रिवाजाप्रमाणे मीही त्यांना दीदीच म्हणायचो. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे माझी मराठी अर्धी हिंदीत बुडालेली. त्यावरून त्या मला सोडत नसत. "प्रमोद, तुह्या मराठीले व्हायरस लागला. पहिले ते साफ कर, मग लोकांच्या मशीनी पाहाय." आम्ही दोघंही संविदावर होतो, म्हणजे कंत्राटी. दर मार्चमध्ये साहेबांची सही झाली तर पुढचं वर्ष आमचं.

ऑफिस जुन्या शहरातल्या भाड्याच्या इमारतीतून नव्या राजधानीत जाणार होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिकडे रस्ते एवढे रुंद की पलीकडे जाताना माणसाला एकटं वाटावं, आणि चहाची टपरी शोधूनही सापडत नव्हती. नव्या इमारतीच्या नेटवर्कला एक अट होती. प्रत्येक कॉम्प्युटरवर सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी, त्याशिवाय तार जोडायची नाही. काम ऐकायला सोपं होतं. आमच्या खोलीतल्या सर्व्हरवरून हुकूम सोडायचा, नवी आवृत्ती आपसूक टेबलाटेबलावर पोचते, जुनीला काढते आणि तिच्या जागी बसते. मी म्हटलं, एका दमात सगळ्यांना पाठवून मोकळे होऊ.

दीदींनी मला वेड्यात काढलं. त्यांची रीत ठरलेली होती. सुरुवात आरडाओरडा करणाऱ्यांपासून. "जो चिल्लावते त्याची मशीन पहिले. काही बिघडलं तर सगळ्या बिल्डिंगले लगेच समजते. सीधा माणूस बिचारा गप्प बसून राहते, आपल्याले पत्ताच लागत नाही." त्याप्रमाणे ऑफिसातले निवडक तोंडाळ लोक आम्ही आधी घेतले. मशीनी जरा संथ झाल्याची कुरकुर आली, पण नवं सॉफ्टवेअर जड असतंच, म्हणून आम्ही ती कानाआड केली. मग पाळी आली खेमलालची.

खेमलाल साहू, आमचा खेमू, बीरगावचा, जन्मापासून अंध. महामंडळाने त्याला नोकरी दिली होती, पण काम दिलं नव्हतं. जिन्याजवळ एक खुर्ची टाकून दिली होती. सकाळी हजेरीवर अंगठा लावायचा, दिवसभर तिथे बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांवरून नावं ओळखायची, असं कित्येक वर्षं चाललं होतं. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा, कुठली कळ दाबली ते सांगणारा प्रोग्राम दीदींनी कुठून तरी मिळवला, जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून त्याला शिकवला, आणि वरती भांडून त्याला तक्रार विभागात टेबल मिळवून दिलं. आता तो कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी भराभर टाइप करायचा. म्हणायचा, "पहले मैं दफ़्तर में था, भैया. अब काम में हूँ."

नवी आवृत्ती बसली आणि खेमूची मशीन मुकी झाली. कारण कळायला वेळ लागला नाही. प्रत्येक कळ ऐकणारा, पडद्यावरचं सगळं वाचणारा प्रोग्राम नव्या पहारेकऱ्याला चोर वाटला आणि त्याने त्याला धरून ठेवलं. सॉफ्टवेअरच्या कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की हा प्रोग्राम आमच्या यादीत नाही, त्या एका मशीनवरचं संरक्षण बंद करा. साहेब म्हणाले, संरक्षण नसलेली मशीन नव्या इमारतीत येणार नाही. त्यांनी त्यांच्या परीने तोडगाही काढला. "खेमलाल को नीचे पूछताछ के पास बिठा देंगे. कुर्सी तो मिलेगी ही."

हे बोलणं चाललं तेव्हा खेमू साहेबांच्या खोलीच्या दाराशीच उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि दीदींनीही पाहिला असावा.

"सर, फिर बाकी मशीनें भी मैं रोक रही हूँ," दीदी म्हणाल्या.

"किसके ऑर्डर से?"

"ऑर्डर आप निकाल दीजिए. लिख दीजिए कि खेमलाल को छोड़कर अपग्रेड पूरा माना जाए. मैं अभी कर देती हूँ."

असलं काही लिहून खाली सही करणारा अधिकारी अजून जन्माला यायचाय. पण साहेबही कसलेले होते. म्हणाले, "आपका कॉन्ट्रैक्ट मार्च में है न, मैडम?"

"हाँ, सर."

"शुक्रवार तक देखिए."

बाहेर आल्यावर दीदी खेमूला म्हणाल्या, "चलो भैया, अपन बैठते हैं."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आठवलं की आजही माझी मान आपोआप लवते. खेमूच्या टेबलाशी जाऊन त्यांनी आधी मॉनिटरचं बटण बंद केलं. "आपण पाहून राहिलो, म्हणून आपल्याले ऐकू येत नाही," एवढंच मला सांगितलं. काळ्या पडद्यासमोर कळफलकावर हात ठेवून, मान किंचित कलती करून त्या बसल्या. पडदा लावायचा तो अगदी अडलं तरच, काम होताच पुन्हा बंद. शेजारी खुर्चीवर खेमू, तसाच मान कलती करून.

बुधवारी यश आलं. या प्रोग्रामला हात लावू नकोस, असं नव्या सॉफ्टवेअरला बजावणारी सूट त्यांनी नेमकी लिहिली आणि मशीन बोलली. मी गोल बाजारातून पेढे आणले. पेढा तोंडात घालण्याआधी दीदींनी मशीन बंद करून पुन्हा चालू केली, आणि आवाज गेला. पेढा हातात धरून मी मूर्खासारखा उभा राहिलो. दीदींनी खेमूला विचारलं, "क्या सुना, भैया? शुरू से बताओ."

खेमू म्हणाला, "पहले थोड़ा बोलती है, दीदी. फिर कोई मुँह दबा देता है. छोड़ता है, फिर दबा देता है."

"दो बार?"

"हव, दो बार."

दीदी माझ्याकडे वळल्या. "प्रमोद, पहारेकरी एकच आहे, तर दोनदा तोंड काहून दाबून राहिला?"

उत्तर त्यांनीच शोधलं. जुनी आवृत्ती गेलीच नव्हती. मशीनच्या यादीतून तिचं नाव पुसलं गेलं होतं, पण तिचा एक तुकडा खोल आत बसून मशीन सुरू होताच पहारा देत होता. त्या जुन्याकडे पूर्वी असलेली सूट नावाबरोबरच पुसली गेली होती, आणि नव्याला दिलेली त्याला ठाऊकच नव्हती. मग दीदींनी आमच्या तोंडाळ मंडळींच्या मशीनी उघडल्या. प्रत्येकीत तोच जुना तुकडा, नव्याशी झटापट करत बसलेला. संथपणाची कुरकुर त्यामुळेच होती. डोळसांना जे नुसतं हळू वाटत होतं, त्याने खेमूची वाचाच बंद झाली होती. खेमूला खाली बसवून पुढे गेलो असतो, तर अख्खं ऑफिस ते दुखणं घेऊन नव्या राजधानीत पोचलं असतं.

शुक्रवारी साहेब स्वतः खाली आले. जुना तुकडा मुळासकट निघाला होता, प्रोग्रामला आणि त्याच्या आवाजाला वेगवेगळी सूट मिळाली होती. दीदींनी मशीन बंद करून चालू केली, पुन्हा बंद करून पुन्हा चालू केली. आवाज टिकला. खेमूने एक जुनी तक्रार उघडली आणि मशीनने ती आपल्या नाकातल्या आवाजात वाचून दाखवली. पाणी येत नाही, अशी कुणाची तरी साधी तक्रार होती. ती संपेपर्यंत कुणी हललं नाही. साहेब "हूँ" म्हणाले आणि वर गेले.

खेमूचं टेबल नव्या इमारतीत सर्वांसोबत गेलं. मार्चमध्ये साहेबांनी दीदींच्या कागदावर सहीही केली. पण पुढे आमच्या सगळ्या जागाच एका बाहेरच्या एजन्सीकडे गेल्या. तिच्या वयाच्या अटीत मी बसलो, दीदी बसल्या नाहीत. म्हाताऱ्या आईला घेऊन त्या भंडाऱ्याला परत गेल्या. जाताना मी म्हटलं, दीदी, काहीतरी लिहून तरी ठेवा माझ्यासाठी. त्या म्हणाल्या, "लिहून काय ठेवू? खेमू आहे ना. त्याले विचारत जाय." मला फार एकटं वाटलं, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि त्या बसमध्ये चढल्या.

काही महिन्यांनी पुढची आवृत्ती आली. ती आधी खेमूच्या मशीनवर घालून मी त्याच्या टेबलाशी बसलो होतो. पाठीमागे कुणी उभं असल्याचं खेमूला आधी कळलं, त्याने पावलं ओळखली होती. साहेब होते. न बोलावता आले होते.

"बोली क्या?" त्यांनी विचारलं.

"हव, बोली," खेमू म्हणाला.

मला वाटलं, आता म्हणतील, बाकीच्यांना पाठवा. साहेबांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, फोनचा आवाज वाढवला आणि तो मशीनच्या स्पीकरपाशी धरला. पलीकडून "हॅलो" आलं, आणि आवाज ओळखून खेमूने काहीतरी टाइप केलं. मशीन म्हणाली, "दीदी नमस्ते."

भंडाऱ्याहून दीदींचा आवाज आला, "बंद करके फिर से चालू किया क्या?"

साहेबांनी फोन तसाच धरून ठेवला आणि मला म्हणाले, "कीजिए."