लाल मुंग्या, हिरवं लॉन आणि मनकू भाऊ

मुंग्यांचं औषध टाकणाऱ्या माणसाजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. पण आमच्या धंद्यात किस्से वारुळासारखे निघतात. एक सपाट केलं की चार दिवसांनी बाजूला दुसरं उभं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावचा. आधी कृषी केंद्रात धानावरच्या किडीची औषधं विकायचो. मग लोकांनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बुजवून लेआउट पाडले, लेआउटवर बंगले बांधले आणि बंगल्यापुढे लॉन लावलं. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. जंगलात लाल मुंगीला जे सुख मिळालं नाही, ते आपण तिला घरबसल्या दिलं. आणि आता ती चावते म्हणून बोंबलत फिरतो.

मनकू भाऊ माझे भागीदार. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचे, गोंड, पन्नाशी ओलांडलेले. बोलतात कमी, वाकून पाहतात जास्त. ही लाल मुंगी बारीक असते, पण चावली की निखारा ठेवल्यासारखी आग होते आणि दुसऱ्या दिवशी पांढरी पुळी येते. आम्ही वारुळाभोवती तेलात घोळलेले विषारी दाणे टाकतो. मुंग्या ते खाणं समजून आपल्या राणीपर्यंत नेतात, राणी मरते, वारूळ संपतं. याला आठ-दहा दिवस लागतात. एवढं एकच वाक्य गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही.

*

ब्रह्मपुरीहून फोन आला. लॉनवर लाल मुंग्या झाल्या, ताबडतोब या. मी घरापुढचं लॉन समजून लहान डबा घेऊन गेलो. पोचलो तर ते लग्नाचं लॉन. मांडव उभा, खुर्च्या उतरत होत्या, लग्न त्याच संध्याकाळी. मी मालकाला आठ-दहा दिवसांचा हिशेब सांगितला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मुंग्या सोडून गेलो होतो. म्हणाला, "वरात साडेपाचले येऊन राह्यली. आठ दिवस तिले गेटवर उभी ठेवू काय?"

तोवर मनकू भाऊ फिरून आले. वारुळं अकरा. त्यांनी मांडववाल्याकडून चुना मागितला आणि प्रत्येक वारुळाभोवती पांढरं रिंगण ओढलं. कोणाचा पाय पडू नये, एवढाच हेतू.

संध्याकाळी परत जाऊन पाहिलं तर रिंगणारिंगणात हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आणि एका ठिकाणी नारळ. मुलीकडच्यांना वाटलं ही मुलाकडची रीत, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची. विचारून कमीपणा कोण घेणार? पण एकाही पाहुण्याला मुंगी चावली नाही. मालक आता प्रत्येक लग्नाआधी आम्हाला बोलावतो. औषधासाठी नाही, रिंगणं काढायला.

*

चंद्रपूरला एक रिटायर्ड इंजिनियर आहेत. त्यांनी आम्हाला बोलावलं ते सगळे उपाय स्वतः करून झाल्यावर. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आधी उकळतं पाणी ओतलं. मग हळद, मग फिनाईल, मग रॉकेल कुठूनसं मिळवलं. लॉन जागोजागी करपलं होतं, नकाशावर जिल्हे दाखवावेत तसं. मुंग्यांनी मात्र बुद्धीनं काम केलं. पायऱ्यांच्या भेगेतून त्या घरात शिरल्या होत्या आणि साहेबांच्या सोफ्याखाली त्यांनी माती काढली होती.

साहेब आम्हाला तासभर सांगत होते की त्यांची पद्धत तत्त्वतः बरोबर होती. शेवटी त्यांनी मनकू भाऊंना विचारलं, की तुमचा अनुभव काय म्हणतो, लॉनवरून मुंग्या गेल्या की नाही?

"गेल्या न साहेब," मनकू भाऊ म्हणाले. "तिथं आता गवतच नाई."

*

एका सरकारी बंगल्यात गेलो होतो. कोणत्या खात्याचा ते विचारू नका, मला तिथे अजून जावं लागतं. साहेबांच्या मुलीला मुंग्या चावल्या, पाय सुजला, म्हणून बाईसाहेबांनी फोन केला. आम्ही डबा उघडतो तोच साहेब बाहेर आले. त्यांना शंका आली की बंगला सरकारी, म्हणजे लॉन सरकारी, तर मुंग्या कोणाच्या? मंजुरी घेतलेली बरी.

मंजुरीसाठी वारुळांचा अहवाल लागला. माळ्यानं मोजून चौदा लिहिली. वरून पत्र आलं की चौदा कशावरून, फोटो जोडा. फोटो जोडेपर्यंत वारुळं एकवीस झाली, म्हणून अहवाल सुधारला. आधीचा खोटा होता का, अशी विचारणा माळ्याला झाली. तो बिचारा आम्हाला म्हणाला, की मुंग्या चावल्या त्याचं दुखणं दोन दिवसांचं होतं, हे चौकशीचं दुखणं काही उतरून नाही राह्यलं.

पोरगी तोवर उड्या मारायला लागली होती. मंजुरी आली त्या आठवड्यात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी सगळ्या लॉनवर फरशी बसवून घेतली. आम्हाला एक पत्र मिळालं, की काम समाधानकारक झाल्याचा दाखला जोडावा. जोडला.

*

गडचिरोलीत एका डॉक्टरांचं घर आहे. अंगणात लॉन, कडेला आंब्याचं झाड. गवतात बारीक लाल मुंग्या, झाडावर पानं जोडून घरटी करणाऱ्या मोठ्या लाल मुंग्या. डॉक्टरांचा हुकूम होता, दोन्ही मारा.

मनकू भाऊंनी नाही म्हटलं. खालच्या वेगळ्या, वरच्या वेगळ्या. वरच्या झाडावरची कीड खातात, आंबा राखतात. आपल्या गावाकडे या मुंग्यांची आंबट चटणी करतात, सर्दी-तापात ती तोंडाला बरी लागते, हेही त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचं तोंड कडू झालं. त्यांनी समजावलं की भाऊ, मुंगी ती मुंगी, एकच औषध दोघींवर मारायचं आणि मोकळं व्हायचं.

मनकू भाऊंनी अगदी साधेपणानं विचारलं, "मंग तुम्ही सर्दीच्या माणसाले अन् पोटदुखीच्या माणसाले एकच गोळी देता काय, डॉक्टर साहेब?"

डॉक्टर काही बोलायच्या आत आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"देतात."

झाड वाचलं.

*

आता सिंदेवाहीच्या बाई. शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे. एकट्या राहतात. मुलगी पुण्याला. मागं ती आली तेव्हा तिच्या पोराला लॉनवर मुंग्या चावल्या, म्हणून तिनं तिकडूनच आमचं वर्षाचं काम ठरवलं. मुंग्या दिसल्या की फोन करायचा, आम्ही जायचं.

बाईंचा फोन दर महिन्याला. फोन म्हणजे हजेरीच. तुमच्या औषधात दम नाही, तुम्हाला काम येत नाही, तुमच्याऐवजी मी चौथीतली पोरं लावली असती तर आतापर्यंत मुंग्या गेल्या असत्या. आम्ही जायचो, तर एक वारूळ खरोखर असायचंच. टाकायचो औषध. मग बाई चहा करायच्या, पोहे करायच्या आणि दोन तास आमच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या. मनकू भाऊंना त्यांनी सर्व्हिस कार्डावर 'मुंग्या' तीनदा लिहायला लावलं आहे.

हसण्यावारी गेलं असतं, पण बाईंनी ही तक्रार गल्लीभर केली. त्या गल्लीत आमच्या गिऱ्हाइकांची सात घरं होती. चार घरांनी दुसरा माणूस पाहिला. तालुक्याच्या गावात नाव खराब व्हायला मुंगीएवढं कारण पुरतं. मी मनकू भाऊंना म्हटलं, की आज काहीही करून मूळ शोधायचं. सगळ्या गल्लीत मुंग्या संपतात आणि या एकाच घरी काऊन संपत नाहीत?

मनकू भाऊ उन्हात गुडघ्यांवर बसले. मुंग्यांची रांग धरून बोटभर बोटभर गवत बाजूला करत गेले. रांग वारुळातून निघाली, जास्वंदीला वळसा घालून बाईंच्या वेताच्या खुर्चीपाशी आली. खुर्चीच्या मागच्या पायाजवळ गवताचा एक तुकडा झाकणासारखा उचलला गेला. खाली खापराचा तुकडा होता, धुतलेला, आणि त्यात लिंबाएवढा गुळाचा खडा. ताजा. पावसानं किंवा दवानं ओला होऊ नये म्हणून वर पळसाचं पान.

मी पाहिलं. मनकू भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. दारात बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"सापडलं काय कारण?" त्यांनी विचारलं.

मनकू भाऊंनी पान होतं तसं ठेवलं, वर गवत ठेवलं, तळहातानं दाबून सारखं केलं आणि उठले.

"नाई सापडलं बाई," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात परत या लागन."

"या," बाई म्हणाल्या. "पण आधी सांगून या. मले तयारी करा लागते."