पेटीतलं शेत

आईचा पाय मोडला त्या उन्हाळ्यात मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन अवसरीला घरी आले होते. दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनीची गोष्ट असेल. शेतीच्या मोटारीला वीज एक आठवडा दिवसा मिळायची आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात कांद्याला पाणी देताना आई पाटात घसरली आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. मंचरच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि दीड महिना पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं.

दिवसाउजेडी आडवं पडणं आईला माहीतच नव्हतं. पहिले चार दिवस तिने खाटेवरूनच घर चालवलं. दूध उतू गेलं का, शेळीला पाणी दाखवलं का, वाळवणावर कोंबड्या आल्या का, एकसारखं विचारत राहायची. पाचव्या दिवशी ती गप्प झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिच्या ओरड्यापेक्षा ते गप्प राहणं मला जड जायला लागलं.

कांदा काढायला घाटमाथ्यावरच्या घाटघरकडची माणसं आमच्याकडे दरवर्षी उतरायची. होळी झाली की यायची, शेताच्या कडेला पालं ठोकून राहायची आणि रोहिणी नक्षत्र निघायच्या आत भाताचं रोप टाकायला परत डोंगरावर जायची. त्यांच्यातली एक बाई आईच्याच वयाची होती. आई पडल्यावर ती कांद्याचं काम सोडून घरात भाकरीला, धुण्याभांड्याला आली. मी तिला मावशी म्हणायचे. ती फार कमी बोलायची, आणि बोलली की वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची, उरलेलं आपल्याला कळलंच असणार असं समजून.

आईच्या खोलीतच माझा कॉम्प्युटर होता. मंचरचा एक क्लास बंद पडला तेव्हा वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, तो जुना म्हणून विकत आणला होता. आईने तिच्या फाटक्या लुगड्याची त्याला खोळ शिवली होती. तिला जरा बरं वाटावं म्हणून मी त्यातला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला आणि तिच्या हातात माऊस दिला. गाडी तीनदा आपटली आणि तीनदा पडद्यावर खेळ संपल्याची लाल अक्षरं आली.

"अगं, मला आपटायचं कमी झालंय व्हय?" आई म्हणाली आणि तिने माऊस माझ्या हातात परत ठेवला.

कॉलेजात आम्हाला बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवत होते. प्रोग्रॅम लिहायचा हात बसावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी एक तपकिरी चौकोन काढला. त्यावर क्लिक केलं की हिरवा ठिपका उमटायचा आणि पाच मिनिटांनी त्या ठिपक्याची मेथी व्हायची. एवढंच होतं ते. आई कुशीवर वळून बघत होती.

"पाणी कुठनं येतं?" तिने विचारलं.

पाणी मी घातलंच नव्हतं. मग विहीर काढली, मोटार काढली, पाट काढला. हिरव्या साडीतली एक बोटाएवढी बाई काढली, ती बाणाच्या बटणांनी चालायची. रात्री मी प्रोग्रॅम लिहायचे आणि दुपारी वीज असेल तेवढा वेळ आई तो चालवायची. वीज गेली की ती पुढचं सांगायची आणि मी वहीत लिहून घ्यायचे. कढीपत्ता पाहिजे. बांधावर शेवगा पाहिजे. बसायला दगड पाहिजे, पण उन्हात नको.

मी एक बाजारही केला होता. त्यात भाव आपोआप वर-खाली व्हायचे, आणि ते जमलं याचा मला अभिमान होता. आईने भाजीच्या जुड्या नेल्या, भाव पडलेला पाहिला आणि म्हणाली, "हे काढ."

"मग एवढी भाजी कुणाला द्यायची?"

"येईल त्याला. शेजारीपाजारी न्हाईत का तुझ्या ह्या गावात?"

मी बाजार काढला आणि त्या जागी एक दार काढलं. दाराशी माणसं यायची, जुडी घ्यायची आणि निघून जायची. त्यांना तोंडं नव्हती, तेवढं मला काढता येत नव्हतं. आई त्यांना ओळखायची मात्र. "ही पलीकडच्या आळीची दिसती," असं म्हणायची.

दादा दुपारी जेवायला आले की दारातून बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"घरात शेत, दारात शेत, आता पेटीत बी शेत? तुमाला दुसरं काय सुचतच न्हाई का?"

आईने पडद्यावरची नजर काढली नाही. "ह्या शेतात लाईट दिवसा असती," ती म्हणाली.

दादा मोरीकडे गेले. हात धुऊन आले आणि खाटेच्या कडेवर बसले. बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "पाणी चढाला कसं चाललंय राव तुझं? विहिरीकडची बाजू खाली घेतलीस. उलटं कर." आणि ताटापुढे जाऊन बसले. मी उतार उलटा केला. संध्याकाळी त्यांनी परत येऊन तो तपासला.

मग एक दिवस सगळं बिघडलं. आईने सात वाफे लावले होते. मेथी, कोथिंबीर, एका वाफ्यात नुसता झेंडू. वीज वेळेआधीच गेली. परत आली तेव्हा पडद्यावर नुसती तपकिरी जमीन होती. खेळ मध्ये थांबला तर केलेलं जपून ठेवायचं, हे मला सुचलंच नव्हतं. आईने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे हितं बी तसंच." मग तिने भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी चहाही घेतला नाही.

मी त्या रात्री जेवले नाही. एक-एक ओळ तपासत राहिले. दुसऱ्या दिवशी आईला म्हटलं, आता दर मिनिटाला सगळं जपून ठेवलं जाईल, वीज जाऊ दे नाहीतर काही होऊ दे. तिला खरं वाटेना. तिने एकच वाफा लावला आणि मला म्हणाली, "बंद कर." मी भिंतीवरचं बटण दाबलं. आम्ही दोघी काळ्या पडद्याकडे बघत बसलो. मग मी परत चालू केलं. जुनी यंत्रं किती वेळ घ्यायची, तो सगळा घरघराट, ते पांढरे आकडे. वाफा आला. मेथीला नुकती पानं फुटली होती तेवढीच होती. आईने पडद्यावर बोट ठेवलं, जशी ती उगवलेल्या रोपावर ठेवायची, अगदी हलकं.

मावशी हे सगळं खाली जमिनीवर बसून बघायची. खुर्चीवर बस म्हटलं तर "हितं बरंय" म्हणायची. एकदा आईला डुलकी लागली आणि मी मावशीपुढे कीबोर्ड धरला. तिने आधी पदराला हात पुसले. मग एकाच बोटाने ती हिरव्या साडीतल्या बाईला चालवायला लागली. तिने काही लावलं नाही, पाणी दिलं नाही. ती बाईला सरळ पडद्याच्या डाव्या कडेपर्यंत घेऊन गेली. बाई तिथे थांबली.

"पुढं जाता येत न्हाई?" तिने विचारलं.

"पुढं काही नाहीये, मावशी."

"तिकडं मावळतीची बाजू हाय ना. तिकडं आमचा..." असं म्हणून ती पीठ मळायला उठली.

घाटघर आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर, पण मी कधी गेले नव्हते. मावशीने भाकऱ्या थापताना सांगितलं ते मी वहीत लिहिलं. एकाखाली एक भाताची खाचरं. करवंदाच्या जाळ्या. घाटाच्या तोंडाशी वारा एवढा की पदर खोचावा लागतो. तिथून खाली सगळं कोकण दिसतं. मी डाव्या कडेला एक वाट काढली आणि तिच्या टोकाला दुसरा पडदा, डोंगराचा. कोकण म्हणजे समुद्र, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून डोंगराखाली निळा समुद्र भरला.

"आन धुकं?" मावशी म्हणाली.

"धुक्याचं काय करायचं खेळात?"

"काय न्हाई करायचं. असूं दे."

धुकं करायला मला तीन दिवस लागले. शेवटी पांढरे ठिपके विखरून टाकले आणि ते हळूहळू सरकत ठेवले. पाण्याचा आवाज हवा, हे आईचं म्हणणं. माझ्याकडे एक स्वस्तातला माईक होता, त्याची वायर हातभर. पाट काही खोलीत आणता येईना. मग परात मांडली, मावशीने तांब्याने पाणी सोडलं आणि आई खाटेवरून सांगत राहिली, "हळू, हळू. पाटाचं पाणी असं धबाधबा पडत न्हाई. वाफ्याला तोंड फोडल्यावर कसं घुटूघुटू जातं, तसं." मावशीने तांब्या आणखी तिरका केला. पाण्यामागे आवाजात एक कोंबडी आली. ती आम्ही तशीच ठेवली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. बाहेर ऊन, सावली आली की निवत जाणाऱ्या पत्र्याचा बारीक आवाज, दारात झोपलेली शेळी. आत पडद्याचा फिकट उजेड आणि पाण्याचं घुटूघुटू. आई वाफ्यांना पाणी द्यायची आणि बाईला दगडावर नेऊन बसवायची. मग तिचं आपल्या हाताकडे लक्षच नसायचं. डोळे उघडे असायचे, पण ती कुठे तरी असायची. कधी मावशी बाईला धुक्यात नेऊन उभी करायची आणि दोघीही तशाच बसायच्या, एक खाटेवर, एक जमिनीवर. मीही लिहिता लिहिता पेंगायचे. जागी व्हायचे तेव्हा पाणी चालूच असायचं, आणि ते परातीतलं की शेतातलं, हे क्षणभर कळायचं नाही.

दादांचा प्रश्न माझ्या डोक्यात होता. जिचं अख्खं आयुष्य शेतात गेलं तिला पेटीत परत शेत कशाला हवं? पुढे मला थोडंसं उमगलं. आईला शेताचा कंटाळा कधीच नव्हता. बी टाकणं, पाण्याची वाट बघणं, उगवलं का म्हणून वाकून पाहणं, हे तिला मनापासून आवडायचं. पण त्याला नेहमी भीती चिकटलेली असायची. गारांची, भावाची, उसातल्या बिबट्याची, वीज जाण्याची. पेटीत तेवढी भीती नव्हती, आणि मग जे उरलं ते तिला आयुष्यात पहिल्यांदाच सवडीने पाहायला मिळालं. आणि मी? मला ते बनवताना काय मिळत होतं? कुणीतरी सांगतंय, हितं सावली पाहिजे, आणि आपण सावली टाकतोय. तेवढं पुरे व्हायचं. परीक्षेतल्या कुठल्याच प्रोग्रॅमने मला तशी शांत झोप दिली नव्हती.

रोहिणी जवळ आल्या आणि पालं उठायला लागली. जायच्या आदल्या दुपारी मावशी पडद्यावरच्या डोंगरावर गेली. बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथनं समुद्र दिसत न्हाई गं पोरी. लई लांब हाय."

मला लाज वाटली. "मग पुसून टाकू का?"

"नको. मी कधी बघितला न्हाई. राहू दे."

पुढच्या वर्षी ती आली नाही. टोळीतल्या बायकांनी सांगितलं, घाट बघायला पुण्याची माणसं येतात, त्यांना ती चहा आणि पिठलं-भाकरी करून देते, आता उतरायची गरज नाही.

आईचं प्लॅस्टर निघालं. काही दिवस ती काठी घेऊन चालली, मग काठीही सुटली. तिने खेळ पुन्हा उघडला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आता पाय हाय की." वर्षभराने त्या कॉम्प्युटरची डिस्क गेली आणि तिच्याबरोबर ते शेतही. आईला सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. "मेथी काढायची राह्यली व्हती," एवढंच म्हणाली.

शिक्षण झाल्यावर मला पुण्यात मोबाईलचे खेळ करणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. तिथे मी डोंगरावरच्या वाटेचा एक खेळ मांडून दाखवला. साहेबांनी तो नीट पाहिला. "छान आहे," ते म्हणाले, "पण हरतो कुठं?" हरत नाही म्हटल्यावर ते हसले, रागाने नाही. म्हणाले, मग माणूस परत कशाला येईल? माझ्याकडे उत्तर होतं, पण कंपनीत सगळं इंग्रजीत लिहून द्यावं लागायचं, ते मला जमलं नाही. मी आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, आम्ही दोघींनी ऑफिस सुटल्यावर तो पुरा केला. तो फारसा कुणी घेतला नाही.

पुरा झाला त्या आठवड्यात मी घरच्यांबरोबर ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेले होते. बाकीचे रांगेत उभे राहिले आणि मी बाहेर, दूर्वा-जास्वंदीची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईशेजारी टेकले. गर्दी ओसरली होती. तिने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मी तो तिच्यापुढे धरला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. खेळातल्या डोंगरवाटेने ती चालायला लागली. आधी तिचा अंगठा घाईघाईत होता, मग हळू झाला. जास्वंदीवर माशी बसली तरी तिने उडवली नाही. आमची माणसं दर्शन घेऊन आली, लांबून मला हाका मारायला लागली. मी हातानेच थांबा म्हटलं.